बाबांच्या फियाटमध्ये मोठं इंजिन घालावं का?

राजापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी लिहिलंय:

"बाबांनी १९७९ साली नवी कोरी घेतलेली प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आमची फियाट, अजून आमच्या दारात उभी आहे. बाबा डॉक्टर. पाचलपासून आडिवऱ्यापर्यंत रात्री-अपरात्री व्हिजिटला ते हीच गाडी घेऊन जायचे. आता ते ऐंशीचे आहेत. वर्षातून दोन-तीनदा त्यांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि 'फियाटनेच जाऊ' हा त्यांचा हट्ट असतो. पण अणुस्कुरा घाटात पाच माणसं बसली की गाडी दुसऱ्या गिअरमध्येही रडत चढते, मध्ये थांबून रेडिएटरला पाणी पाजावं लागतं. आमचे मेस्त्री म्हणतात, या १०८९ सीसीच्या इंजिनात आता दम उरलेला नाही. प्रीमिअरच्याच पुढच्या गाडीचं, ११८ एनईचं इंजिन घालू, नाहीतर मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवू. सगळं लाखाच्या आत होईल म्हणतात. धाकटा भाऊ जिप्सीच्या इंजिनावर अडून बसलाय. माझं मन होत नाही. काय करावं?"

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मोठं इंजिन घालू नका. ११८ एनईचं नको आणि जिप्सीचं तर नकोच. जो पैसा तुम्ही बाजूला काढलाय तो आहे त्या इंजिनावर, ब्रेकवर आणि गाडीच्या पत्र्यावर घाला. तुमच्या बाबांना कोल्हापूरला जाऊन सुखरूप परत यायचंय, आणि त्याला लागेल एवढा जोर या इंजिनात कंपनीनेच भरलेला आहे. तो कुठे गळतोय ते शोधायचं काम आहे.

हे मी फियाटच्या प्रेमापोटी म्हणत नाही. हिशेब मांडून दाखवतो. पद्मिनीचं रिकामं वजन नऊशे किलोच्या आसपास. पाच माणसं, डिकीत पिशव्या, वर आंब्याची पेटी असं सगळं धरून तेराशे किलो समजा. घाटाचा चढ पंधरात एक धरा, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. या चढावर ताशी चाळीसच्या वेगाने एवढं वजन ओढायला चाकांपाशी पंधरा-सोळा हॉर्सपॉवर पुरतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये थोडी जाते ती धरली तरी इंजिनाकडून अठरा-वीसच्या वर मागणी नाही. पद्मिनीचं इंजिन चाळीस हॉर्सपॉवरचं. ती चाळीस पूर्ण फेऱ्यांवर मिळते हे खरं, पण घाटात तिसऱ्या-दुसऱ्या गिअरला इंजिन ज्या फेऱ्यांवर फिरतं तिथेही तब्येतीच्या इंजिनाकडे पंचवीसच्या आसपास असतेच. नागमोडी वळणांवर चढ याहून उभा होतो, तिथे दुसरा गिअर टाकायचा आणि वेग पंचवीसवर आणायचा. १९७९ साली तुमचे बाबा असेच घाट चढत असणार. विचारून बघा.

तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये पाणी पीत चढणारी गाडी म्हणजे इंजिन लहान पडलं असं समजू नका. त्या इंजिनाची निम्मी ताकद रस्त्यापर्यंत पोचतच नाहीये.

शोध कुठून सुरू करायचा? फुकटातल्या तपासणीपासून. एअर क्लीनरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवा, भावाला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही वरून कार्बोरेटरच्या नरड्यात टॉर्च मारून बघा. खालची पितळी चकती पूर्ण उभी राहिली पाहिजे. जुन्या गाड्यांमध्ये पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्यांचे सांधे झिजून ढिले होतात, त्यात कुणीतरी पेडलखाली जाड रबरी मॅट टाकलेलं असतं, आणि चकती पाऊणच्या पुढे उघडतच नाही. चालवणाऱ्याला वाटतं आपण पाय पूर्ण दाबलाय. इंजिनाला मात्र वारा-पेट्रोल पाऊणच मिळत असतं.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग. झाकण काढून रोटर बोटाने थोडा पिळा आणि सोडा, तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. नाही आला तर आतली वजनं गंजून बसलीत आणि फेऱ्या वाढल्या तरी ठिणगी पुढे सरकत नाही. खाऱ्या हवेत हे सर्रास होतं. कार्बोरेटरकडून येणारी बारीक नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलायला हवी. हलत नसेल तर डायफ्राम फाटलाय. घाटात इंजिन खटखटतं म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढून ठेवण्याची पुष्कळ मेस्त्रींना सवय असते. त्याने खटखट जाते, पण गाडी मेल्यासारखी चालते आणि गरमही जास्त होते, कारण पेट्रोल उशिरा जळून त्याची आग सायलेन्सरच्या वाटेला लागते. तुमची दोन्ही गाऱ्हाणी, दम नसणं आणि पाणी उकळणं, एवढ्या एका कारणानेही होऊ शकतात.

आता पेट्रोल. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय. नव्या गाडीतला कॉम्प्युटर त्याप्रमाणे मिश्रण जुळवून घेतो. तुमच्या कार्बोरेटरमधला जेट म्हणजे पितळेतलं ठराविक मापाचं भोक, ते काही स्वतःहून मोठं होत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं आणि ओढ कमी होते. लांबचा चढ चढून आल्यावर प्लग काढून बघा. टोकाची चिनीमाती पांढरीफटक दिसली तर मेन जेट एक माप मोठा घालून घ्या, ती तपकिरी दिसेपर्यंत. शिवाय इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्याला काय तोटा! पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. पूर्वी घाटात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते बाबांना आठवत असेल. पंप इंजिनाला चिकटून तापतो, पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी आचके देते. हाही आजार 'इंजिनात दम नाही' म्हणून खपून जातो.

यानंतर बघा, गाडी स्वतःलाच मागे ओढत नाही ना. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही चाकांच्या रिमला हात लावा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. पावसाळाभर हँडब्रेक ओढून गाडी पडवीत उभी ठेवायची पद्धत घरोघरी आहे, त्याने शूज ड्रमला चिकटतात आणि व्हील सिलिंडर जाम होतात. हँडब्रेक सोडून ठेवा आणि चाकाला जांभ्याचा तुकडा लावा. क्लच घसरतोय का, सायलेन्सरचे आतले पडदे गंजून कोसळलेत का, हेही याच फेरीत बघून होईल.

आणि पाणी. तुमचं गाव खाडीजवळ असेल आणि विहीर उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर ते पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं पडलेलं असणार. नळ्या आतून क्षाराने बुजतात. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करून घ्या, गरज पडली तर कोअर, म्हणजे नळ्यांची जाळीच, बदला, आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर व कूलंटशिवाय काही घालू नका. घाटातल्या झऱ्याचं पाणी अडीनडीला चालेल, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो त्याचं माप. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायचा आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहायचे. चौघांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. ज्याचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर पिस्टन रिंग आणि बोअर झिजलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलंय, आणि मग पाणी का उकळतं तेही कळेल. तुमच्या मेस्त्रींनी 'दम नाही' म्हणण्याआधी हे आकडे काढले होते का, हे पत्रात नाही. काढले नसतील तर त्यांच्या सल्ल्याला अजून आधार नाही, एवढंच मी म्हणेन. माणूस वाईट आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

इंजिन खरोखरच झिजलेलं निघालं तरी वाट बंद नाही. कोल्हापूरला तुम्ही जाताच. तिथल्या उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट कापणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप आणि हेडचं काम झालं की हेच १०८९ सीसीचं इंजिन नव्यासारखं होतं. पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवा, त्या काळात भरल्या गाडीने घाट नको.

आता भावाचा मुद्दा घेतो, कारण तो टाकून देण्याजोगा नाही. ११८ एनई ही प्रीमिअरचीच १९८५ मधली गाडी, तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं, बावन्न हॉर्सपॉवरचं इंजिन. जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिन ॲल्युमिनियमचं, हलकं आणि साठ हॉर्सपॉवरचं. दोन्ही इंजिनं गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतात, दोन्ही गाड्यांना मागच्या चाकांवर ओढ, जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, वेगळी असल्यामुळे तिचा गिअरबॉक्स साध्या प्रोपेलर शाफ्टला जोडता येतो. त्यामुळे हे काम होऊ शकतं, पुष्कळांनी केलंय, आणि नीट केलं तर सपाटीला गाडी छान पळते. मेस्त्री काही अशक्य गोष्ट सांगत नाहीत.

पण इंजिन एकटं येत नाही. माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागतात. गिअरबॉक्स बदलला की स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर गेला, मधला पत्रा कापून खालून दांडा काढायचा. शाफ्टची लांबी बदलते, ती कापून पुन्हा बॅलन्स करावी लागते, नाहीतर साठच्या पुढे अख्खी गाडी थरथरते. रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग, सगळ्याला हात लागतो. लाखाच्या आतला अंदाज मला त्यामुळे पटत नाही. आणि एवढं करून दीडपट जोर जातो कुठे? १९७९ च्या डिफरन्शिअलमध्ये, एक्सलमध्ये, आणि शेवटी चार ड्रम ब्रेकवर.

ब्रेकवर मला जरा थांबायचंय. घाटाचं बोलताना सगळे चढाचं बोलतात. जीव जातो तो उताराला. तेराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती पाणचुलीवरचा चोवीस-पंचवीस लिटरचा हंडा आधण येईपर्यंत तापवायला पुरेल. यातली काही हवेत जाते, गिअरमध्ये उतरलात तर बरीच इंजिन पोटात घेतं, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापला की फुगतो, लायनिंग गुळगुळीत होतं, पेडल खाली खाली जायला लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने ओलावा धरलेला असतो, तो उकळून नळीत वाफ होते, आणि मग पेडल थेट फरशीला टेकतं. मोठं इंजिन उताराला जास्त धरतं, हे मान्य. पण त्याच इंजिनाने सपाटीला साठच्या जागी ऐंशीचा वेग येतो, आणि साठवरून ऐंशीला गेलं की थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंद झालेल्या रस्त्यावर भावाचा पाय आवरेल असं मला वाटत नाही. तरुण माणसाचा आवरत नाहीच.

म्हणून पहिला खर्च इथे करा. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होस, लायनिंग नवं. लोखंडी ब्रेक पाइपवर नख घासून बघा, पापुद्रे निघाले तर पाइप बदलायचाच. ऑइल दर दोन वर्षांनी, आपल्या हवेत तर पावसाळा संपला की. आणि चढताना जो गिअर लागला, उतरतानाही त्याच गिअरमध्ये उतरायचं. बाबांना हे सांगावं लागणार नाही.

आता पत्रा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याच्या पेट्या जोडून केलेली बॉडी हीच चेसिस. इंजिन, पुढचं सस्पेन्शन, मागचे स्प्रिंगचे पाटे सगळे या पत्र्यालाच टांगलेले. समुद्राचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यात पंचेचाळीस वर्षं काढलेली गाडी बाहेरून चकचकीत असली तरी आतून काय झालीय ते बघितल्याशिवाय कळत नाही.

पुढची मॅट काढा, खालचा डांबरी थर खरवडा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत ठोकत दरवाजाच्या उंबऱ्याकडे जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. कुजलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे टोक रोवा. आत गेलं तर समजा, पत्रा संपलाय आणि रंगावर गाडी उभी आहे. मग जॅक लावायची जागा, डिकीतला स्टेपनीखालचा पत्रा, मागचे पाटे जिथे टांगलेत ते कोपरे, आणि पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या पेट्या. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी जायला भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात आणि पेटीत पाणी साचून राहतं. तारेने ती मोकळी करा. एवढ्यानेही गाडीचं आयुष्य वाढतं.

कुजलेल्या पेट्यांवर नवे माउंट वेल्ड करून साठ हॉर्सपॉवरचं इंजिन टांगणं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. वर पत्र्याचा तुकडा चिकटवून पुटी मारणारे पुष्कळ भेटतील. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढून तिथे त्याच जाडीचा नवा पत्रा जोडणारा भेटेपर्यंत थांबा. नंतर पेट्यांच्या आत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. खालून जळकं ऑइल मारून देतो म्हणतील, ते नको. रबरी बुश फुगून खराब होतात आणि ते ऑइल पहिल्या पावसात अंगणातून विहिरीकडे जातं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातली माहिती आणि कंपनीची मूळ नोंद यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतोच. भंगारातून आणलेल्या इंजिनाची कागदपत्रं नसतील तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. तुमचा ब्लॉकच फुटलेला निघाला तर त्याच प्रकारचं दुसरं १०८९ सीसीचं इंजिन, पक्क्या पावतीसह, घेता येईल. पण त्यासाठी आधी रत्नागिरीच्या आरटीओ कचेरीत अर्ज करून मंजुरी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. काम आधी, कागद मागून, असं करू नका.

आणखी एक गोष्ट भावाच्या कानावर घाला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी, चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तुमची गाडी २०२९ साली पन्नाशी गाठेल. व्हिंटेज नोंद केली की रोजच्या वापराला बंदी येते, त्यामुळे तेव्हा तुम्ही ती करावी असं मी म्हणत नाही. पण आज मधला पत्रा कापलात तर ती निवड कायमची गेली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. या गाड्या आता वाढणार नाहीत, एकेक करून कमीच होणार आहेत. डॉक्टरांच्या घरात पहिल्या मालकाकडे, मूळ इंजिनासह असलेली गाडी मोडून तिच्यात दुसऱ्याचं काळीज बसवायला माझा हात धजणार नाही.

भावाला ते जिप्सीचं इंजिन एवढं आवडत असेल तर त्याने ते इंजिन जिच्यात कंपनीने बसवलंय ती जिप्सीच घ्यावी. चांगली जुनी जिप्सी मिळते, कागद स्वच्छ राहतात, आणि कोकणातल्या आडवाटांना तिच्यासारखी गाडी नाही. त्याची हौस खरी आहे, तिला योग्य जागा द्या.

बाबांच्या कोल्हापूरच्या खेपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फियाट तब्येतीत आली की नोव्हेंबर ते मे बाबांना खुशाल तिच्यातून न्या, पहाटे लवकर निघा, ऊन चढायच्या आत घाटमाथा गाठा. जून ते सप्टेंबर मात्र भाड्याची नवी गाडी करा. दरड, धुकं, ओले ब्रेक आणि डोळ्यांना औषध घातलेले ऐंशीचे बाबा, हे सगळं एकत्र नको. त्यांना ते आवडणार नाही, पण डॉक्टर माणूस आहे, कारण सांगितलंत तर ऐकतील. आणि इंजिनाचा हा सगळा विषय त्यांच्या कानावर घातलाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घातला नसेल तर आज संध्याकाळीच घाला. गाडी त्यांची आहे, आरसीवर नावही बहुधा त्यांचंच असेल, आणि तिचा कोणता आवाज कधीपासून बदलला हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार.

पैसे एकदम खर्च करू नका. पावसाळ्याआधी ब्रेक, पत्र्याची तपासणी आणि पेट्रोलचे पाइप. रेडिएटर आणि डिस्ट्रिब्युटरही तेवढ्यात होईल. मग गणपती झाले, रस्ते सुकले की एक रविवार काढून तुम्ही दोघे भाऊ, मागच्या सीटवर तांदळाच्या दोन गोणी टाकून, ओणीवरून पाचलमार्गे अणुस्कुरा चढून या. त्यानंतरही गाडी रडली तर इंजिन खोलायचं की नाही ते ठरवू. त्याआधी कॉम्प्रेशनचे चार आकडे, ज्या सिलिंडरमध्ये ऑइल घातलं त्यांचे नंतरचे आकडे, आणि घाट चढून आल्यावर प्लगच्या टोकाचा रंग, एवढं मला लिहून पाठवा. आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिहा, रेडिएटरच्या बाजूचा पहिला.